पहिला लेझर रेंजफाइंडर: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गोल्फमध्ये पिनपर्यंतचं (भोकातल्या झेंड्यापर्यंतचं) अंतर मोजणारं हे यंत्र मधल्या किमतीचं आहे: ६ पट मोठं दाखवणारं, पिन सापडली की थरथरणारं, स्लोपची (चढ-उताराचा हिशोब करण्याची) कळ बाहेरच्या बाजूला, आत सीआर२ बॅटरी आणि कडेला चुंबक. पुण्याचं रखरखीत ऊन आणि त्यामागोमागचा पावसाळा, दोन्हींत ते वापरून झालं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण या पट्ट्यातली बहुतेक यंत्रं एकाच तत्त्वावर चालतात आणि पारखायच्या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत.

खोक्यावर १००० यार्ड असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. तो आकडा मोठ्या, चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या वस्तूसाठी असतो. पिन म्हणजे बोटाएवढी काठी आणि वर कापडाचा तुकडा, तिचा पल्ला त्याच्या निम्माही नसतो. गोल्फमध्ये लागतं काय, तर ८० ते २०० यार्ड. त्यामुळे पहिलं यंत्र घेताना पल्ल्याला पैसे मोजू नका. १५० यार्डांवरची पिन ते किती पटकन पकडतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर तोच आकडा देतं का, याला पैसे मोजा.

हे अवघड का, ते समजून घेतलं की निवड सोपी होते. यंत्र अवरक्त प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. १ यार्डाचा फरक म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम ६ नॅनोसेकंद. तेवढी मोजणी आज स्वस्त यंत्रांनाही जमते. जमत नाही ते परतलेल्या प्रकाशातला पिनचा कोणता आणि मागच्या झाडाचा कोणता हे ओळखणं. येरवड्याचा पूना क्लब किंवा चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी अशा झाडीच्या कोर्सवर ग्रीनमागे (पिनभोवतीच्या आखूड हिरवळीमागे) लगेच फांद्या येतात. हात जरा हलला की १४८च्या जागी १७३ दिसतं, आणि थरथर झाली म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. थरथर होणं म्हणजे यंत्राला मागच्या वस्तूंपेक्षा जवळचं काहीतरी सापडलं एवढंच. ते पिनच आहे याची हमी त्यात नसते.

यावर उपाय पद्धतीत आहे. कोपर बरगडीला टेकवा, दुसऱ्या हाताची बोटं टोपीच्या कडेला लावा, श्वास अर्धा सोडून थांबा. नेम थेट पिनवर धरून दाबण्याऐवजी कळ दाबून ठेवा आणि पिनच्या डावीकडून उजवीकडे हळू सरका. आकडा बदलत असताना जो सगळ्यात लहान आकडा स्थिर दिसतो, तो पिनचा. मग पुढच्या बंकरची (वाळूच्या खड्ड्याची) कड आणि ग्रीनमागचं झाड मोजा. बंकर १३०, पिन १४८, झाड १७३ अशी रांग लागली की शंका उरत नाही. नेम कापडावर ठेवा, काठीच्या बुडाशी नको. खाली नेम धरला की ग्रीनच्या अलीकडचा उंचवटा मोजला जातो आणि आकडा ५-१० यार्डांनी कमी येतो. वारा पडला आणि कापड लोंबत असलं, किंवा कापडाची कड आपल्याकडे असली, तर पकडायला वेळ लागतोच. दांड्याच्या टोकाला परावर्तक बसवलेला असेल तर काम निम्म्याने हलकं होतं.

दुकानातून आणल्यावर सगळ्यात आधी एकक तपासा. बरीच यंत्रं मीटरवर लावलेली येतात. आपल्याकडचे कोर्स आणि कॅडीची (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाची) भाषा यार्डांची. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, म्हणजे दीड क्लबचा (मारायच्या काठीचा) फरक. सतत आखूड पडत असेल तर स्विंगला दोष देण्याआधी आकड्याशेजारचं छोटं अक्षर पाहा. त्यानंतर डोळ्याजवळची कडी फिरवून फोकस लावा, पण पिनवर नव्हे. आतलं चिन्ह आणि आकडे धारदार दिसेपर्यंत फिरवा. चष्मा असेल तर रबरी कड दुमडून घ्या, नाहीतर चौकटीच्या कडा काळ्या दिसतात. पोलराइज्ड गॉगलमधून काळ्या आकड्यांचा पडदा काही कोनांत पूर्ण काळवंडतो. गॉगल काढून मोजा.

पडद्याच्या रंगाकडे खरेदीच्या वेळी फारसं कोणी पाहत नाही, आणि रोज त्रास तोच देतो. काळे आकडे उन्हात उत्तम, पण सकाळी साडेसहाला झाडीच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत. लाल आकडे त्या वेळी झकास, दुपारी मात्र फिके पडतात, म्हणून उजेड कमी-जास्त करता येणारेच घ्या. आपल्याकडे बहुतेक खेळ सकाळी लवकर होतो, तेव्हा दोन्हींतून एक निवडायचं तर लाल.

स्लोपबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चुकीची वस्तू घरी येते. १५० यार्डांवरचं ग्रीन १० यार्ड वर असेल, तर आयर्नसाठी (धातूच्या सपाट डोक्याच्या क्लबसाठी) ते साधारण १६० यार्डांसारखं खेळतं. कारण चेंडू सुमारे ४५ अंशांत उतरतो, त्यामुळे जितका चढ तितका कॅरी (चेंडूने हवेत कापलेलं अंतर) कमी पडतो. तिरक्या आणि आडव्या रेषेतला फरक तिथे अर्धा यार्डही नसतो. शिकारीसाठीच्या रेंजफाइंडरमध्ये कोन मोजण्याची सोय असते, ती फक्त आडवं अंतर देते, आणि आडवं अंतर तिरक्यापेक्षा कधीच जास्त नसतं. चढ असो की उतार, तिथे १५०चं १५०च दिसेल. स्वस्तात मिळतो म्हणून तसला घेतला, तर बावधनच्या ऑक्सफर्डवर किंवा डोंगराला टेकलेल्या खारघर व्हॅलीवर त्याचा काही उपयोग नाही. सपाट कोर्सवरच खेळणार असाल तर स्लोप नसलेलं यंत्र घेऊन पैसे वाचवायला हरकत नाही. खाली ठेवलेल्या, कमी उंचीच्या फटक्यांना मात्र स्लोपचा आकडा लावू नका. चेंडू जितका सपाट उतरतो तितका चढाचा परिणाम जास्त, आणि यंत्र ते धरत नाही.

हवाही ते धरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे मुंबईच्या तुलनेत चेंडू साधारण २ टक्के लांब जातो. १५० यार्डांना ३ यार्ड. हे गणित आपलं आपण करायचं.

सामन्यात स्लोप बंदच. २०१९पासून नियम ४.३प्रमाणे अंतर मोजायला परवानगी आहे, स्पर्धा समितीने स्थानिक नियमाने मनाई केली नसेल तर. उंचीतला फरक मोजायला मात्र परवानगी नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात) पहिल्या उल्लंघनाला २ स्ट्रोकचा दंड, दुसऱ्याला बाद. म्हणून मेनूत दडलेला स्लोप नको, बाहेरून दिसणारी कळ हवी. सोबतच्या खेळाडूला एका नजरेत खात्री पटली पाहिजे.

पावसाळ्याचा निकाल संमिश्र. भुरभुर चालली तरी चालतं, सर धरली की जवळचे थेंब आणि समोरची काच मिळून २०-३० यार्डांचे आकडे फेकायला लागतं. धुक्यातही तेच. बिघाड समजू नका. पुढे दोन काचा असतात, एक पाहण्याची आणि एक लेझरची. लोक पाहण्याचीच पुसतात. दोन्ही सुती रुमालाने नव्हे, मायक्रोफायबरने टिपा. आयपीएक्स (यंत्र किती पाणी सोसेल याचं मानांकन) ४ असेल तर फक्त शिंतोडे. जोराचा मारा सोसायला आयपीएक्स६ हवं. कोकण-मुंबईत खेळणाऱ्यांनी यावर थोडे जास्त पैसे खर्चावेत. खेळ झाला की यंत्र बॅगेच्या ओलसर कप्प्यात राहू देऊ नका, भिंगावर बुरशी धरते आणि ती आतून निघत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं.

चुंबक गोल्फ कार्टच्या लोखंडी दांड्याला पक्का बसतो. चालत खेळणाऱ्यांच्या बऱ्याच ट्रॉल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, तिथे तो चिकटतच नाही. पट्ट्याला अडकवायची पिशवीच कामाला येते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चुंबकवालं यंत्र शर्टच्या खिशात ठेवू नये.

सीआर२ ही ३ व्होल्टची, कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा न मिळणारी बॅटरी. दोन आणून ठेवा. सीआर१२३ए तिच्यासारखीच दिसते, पण मोठी असते. रिचार्ज होणाऱ्या ३.७ व्होल्टच्या सीआर२ टाकू नका, भरल्यावर त्या ४ व्होल्टच्या वर जातात. बॅटरी उतरायला लागली की चिन्ह दिसण्याआधीच लांबची पिन पकडायला उशीर होतो, हा खरा इशारा. महिनाभर खेळणार नसाल तर ती काढून ठेवा.

ज्यांना लेझर घेऊन कॅडीला रजा द्यायची आहे, त्यांनी थांबावं. डॉगलेगच्या (होलच्या मधल्या वळणाच्या) पलीकडचं किंवा टेकडीआडचं लेझर मोजूच शकत नाही, तिथे कॅडी किंवा जीपीएस घड्याळ लागतं. आणि आपला ७ आयर्न हवेत किती जातो हे माहीत नसेल तर १४८ या आकड्याचं करायचं काय? आधी सरावाच्या रेंजवर प्रत्येक क्लबचे दहा-दहा चेंडू मारून नेहमीचा कॅरी वहीत लिहून घ्या.

दुकानात पडदा आतल्या उजेडात पाहून पैसे देऊ नका. दाराबाहेर या. रस्त्यापलीकडचा बारीक खांब किंवा फलकाचा पाइप निवडा, ज्याच्या मागे २०-३० यार्डांवर भिंत असेल. पाच वेळा मोजा. चार वेळा पाइपचा आकडा एका यार्डाच्या आत आला तर घ्या. भिंतीचा आकडा दोनदा आला तर दुसरं मागा. परदेशातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेल का, तेही बिल करण्याआधी लेखी विचारा.