हाताचा रंधा की विजेचा? पहिली खरेदी कोणती करावी

घरच्या घरी सुतारकाम सुरू करणाऱ्यांचा अडाखा ठरलेला असतो: काम थोडं असेल तर हाताचा रंधा, जास्त असेल तर विजेचा. मला हा हिशेब पटत नाही. लाकूड तुमच्या दारात कोणत्या अवस्थेत येतं, हे आधी बघा. वखारीतून करवतीचे ओरखडे असलेली खडबडीत फळी आणणार असाल तर विजेच्या रंध्याचा विचार करा. वखारीतच मशीनवर जाडी सारखी करून घेणार असाल, किंवा घरातली दारं, खिडक्या, जुनं फर्निचर एवढंच दुरुस्त करणार असाल, तर हाताचा रंधा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला धार लावायचा दगड घ्या.

आधी वेगाचं बघू, कारण तिथे विजेचा रंधा निर्विवाद पुढे आहे. सागाची 6 फूट लांब, 8 इंच रुंद फळी आहे आणि तिची जाडी 5 मिमीने उतरवायची आहे असं धरा. मकिता किंवा बॉश कंपनीच्या छोट्या विजेच्या रंध्याचं पातं साधारण 82 मिमी रुंद असतं. एका वेळी 1 मिमी काढला तर तीन पट्ट्यांत फळी संपते, म्हणजे सगळ्या मिळून 15 फेऱ्या. हाताच्या 4 नंबर रंध्याचं (नंबर म्हणजे रंध्याचा आकार) पातं 2 इंच. एका फेरीत 0.2 मिमी जाडीचं सालपट काढलं, आणि सागावर तेवढं काढायला खांदे भरून येतात, तरी सव्वाशेच्या आसपास फेऱ्या होतात. अशा चार फळ्या एका दिवसात उतरवायच्या असतील तर वाद घालण्यात अर्थ नाही.

फसगत होते ती पुढे. झपाट्याने लाकूड काढणारं यंत्र फळी सरळही करेल, असं आपण गृहीत धरतो. पण सरळपणा येतो तो रंध्याच्या तळाच्या लांबीतून. विजेच्या छोट्या रंध्याचा तळ जेमतेम 29 सेंटिमीटर. सहा फुटी फळीला मधे हलका बाक असेल तर हा रंधा त्या खोलगटात उतरतो आणि दुसऱ्या बाजूने वर चढतो. फळी पातळ होते, बाक तसाच राहतो. हाताच्या 4 नंबरचा तळ तर आणखी आखूड. पण हाताच्या रंध्यात 7 नंबरचाही असतो, 22 इंच लांब. तो खोलगट भागावरून तरंगत जातो, फक्त उंचवटे खातो, आणि सालपट सलग निघायला लागलं की समजायचं, कड सरळ झाली. दोन फळ्या जोडून टेबलाचा माथा करायचा असेल तर सांधा असाच बसतो. एकावर एक कड ठेवून मागे बल्ब धरा. उजेडाची रेघ दिसली तर अजून काम बाकी आहे.

(हे नंबर अमेरिकेतून आले. लिओनार्ड बेलीने लोखंडी रंध्याची रचना केली, 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला, आणि आज आपल्याकडे बनणारे लोखंडी रंधेही बहुतेक त्याच धर्तीवर आहेत. त्याआधी आपले सुतार बाभळीच्या नाहीतर शिसवीच्या ठोकळ्यातून रंधा स्वतःच घडवायचे आणि पातं पाचरीने बसवायचे.)

पृष्ठभागाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. विजेच्या रंध्याचा पाती बसवलेला ड्रम मिनिटाला 16 हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि प्रत्येक पातं लाकडाला बारीकसा खोलगट चावा घेत जातं. दोनपैकी एक पातं केसभर वर बसलं तरी लाटा उमटतात. कच्च्या लाकडावर त्या दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर तिरप्या उजेडात दिसतात. रुंद फळीवर दोन पट्ट्यांच्या मधली पायरीही राहते. म्हणजे नंतर पॉलिश पेपर घासणं आलंच. धारदार हाताचा रंधा कागदाहून पातळ सालपट काढतो आणि सागाला अशी चमक देतो की हात फिरवायचा मोह आवरत नाही. लाकडाच्या तंतूंची उलटी रेषा आणि गाठी आल्या की मात्र तोही लाकूड उपटतो. अशा वेळी पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी धारेच्या अगदी जवळ, अर्ध्या मिलिमीटरवर आणायची आणि सालपट आणखी पातळ घ्यायचं.

पण यातला ‘धारदार’ हा शब्द महत्त्वाचा. नवा रंधा खोक्यातून काढून थेट लाकडावर ठेवला तर तो अडखळतो, थरथरतो, आणि माणूस हत्याराला बोल लावतो. खोक्यातलं पातं बहुतेकदा नुसतं घासलेलं असतं, त्याला धार आपणच आणायची. आधी पात्याची सपाट पाठ दगडावर घासून टोकाशी आरशासारखी करा. मग उताराची बाजू 25 अंशांवर घासा, आणि शेवटचे आठ-दहा हात 30 अंशांवर. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने हलकेच सरकवला की एक खरखरीत कंगोरा लागतो. तो पूर्ण रुंदीभर लागला म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. पाठ दगडावर सपाट ठेवून तो कंगोरा काढून टाका. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते, आणि दिवसभराच्या कामात दोन-तीनदा दगडाकडे जावं लागतं. हे शिकायची तयारी नसेल तर हाताचा रंधा घेऊ नका, हे मी मनापासून सांगतो. विजेच्या रंध्यात कार्बाइडची पाती असतील तर एक बाजू बोथट झाली की उलटून दुसरी वापरायची, दोन्ही संपल्या की नवी आणायची. प्लायवूडच्या कडा रंधायच्या असतील तर तीच बरी, कारण प्लायमधला गोंद साध्या पोलादाची धार बघता बघता खातो.

पावसाळ्यात अडकणारं दार हे बहुतेकांच्या घरातलं रंध्याचं पहिलं काम. इथे विजेचा रंधा घाईने वापरून लोक पस्तावतात. जुलैत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा दोन फेऱ्यांत 2 मिमी उडवले की जानेवारीत दार आणि चौकटीमध्ये फट पडते, थंड वारा आत येतो आणि कुलपाची जीभही नीट बसत नाही. आधी वरची बिजागरी तपासा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, स्क्रू सैल होऊन खाली झुकलेलं असतं. भोकात गोंद लावून लाकडाची काडी ठोका आणि स्क्रू पुन्हा आवळा. तरीही घासत असेल तर चौकटीला खडू लावून दार बंद करा, जिथे खडू उमटेल तिथेच हाताचा रंधा मारा, आणि दार जेमतेम सुटेल इतकंच काढा. दाराची वरची किंवा खालची कड असेल तर दोन्ही टोकांकडून मधल्या भागाकडे या, नाहीतर शेवटच्या कोपऱ्याची ढलपी उडते. फ्लश डोअरला कडेने भरीव लाकडाची पट्टी असते. ती संपेपर्यंत रंधत गेलात तर आतली भर उघडी पडते. काम झालं की कोरड्या दिवशी उघड्या कडेला प्रायमर किंवा पॉलिश द्या, नाहीतर पुढच्या जूनमध्ये तेच दार पुन्हा तुमच्यासमोर.

जागेचाही विचार करा. फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर विजेचा रंधा चालवता येत नाही, आणि दिवसाही कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लागतोच. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती पहिल्या गटात टाकलेली आहे. हाताच्या रंध्याची सालपटं झाडूने गोळा होतात. यंत्र बंद केल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो, तो थांबेपर्यंत खाली ठेवू नका. आणि फूटभराहून आखूड तुकडा हातात धरून त्यावर हे यंत्र कधीही चालवू नका.

जुन्या वाड्याच्या तुळया-खांबांचं लाकूड घेणाऱ्यांसाठी एक वेगळा सल्ला. हा साग उत्तम, मुरलेला, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. मी अशाच एका फळीवर पूर्ण खोली लावून विजेचा रंधा चालवला, ठिणगी उडाली आणि दोन्ही पात्यांना खाच पडली. त्या खाचेमुळे पुढच्या प्रत्येक फळीवर उभी रेघ येत राहिली, पाती बदलेपर्यंत. आता आधी लोहचुंबक फळीवरून फिरवतो, मग तारेच्या ब्रशने माती काढतो, आणि वरचा पहिला थर हाताच्या जुन्या रंध्यानेच घेतो. खिळा लागला तर हात लगेच सांगतो, आणि पात्याचं नुकसान दगडावर अर्ध्या तासात भरून निघतं.

महिन्याला दोन-तीन फळ्याच लागत असतील तर वखारवाल्याला मशीनवर दोन्ही बाजू मारून द्यायला सांगा. थोडे पैसे जातात, पण फळी एकसारख्या जाडीची मिळते, जी हातात धरायच्या विजेच्या रंध्याने मिळणं कठीण. जाडी हवी त्यापेक्षा 2 मिमी जास्त ठेवायला सांगा, घरी आणून आठवडाभर सावलीत हवेशीर रचून ठेवा, आणि शेवटचा हात 4 नंबर रंध्याने फिरवा. रंध्याच्या तळावर मेणबत्ती घासली की तो हलका सरकतो. कोकणात राहत असाल तर काम संपल्यावर त्याच तळाला तेलाचं फडकं मारून ठेवा, पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.