झोनइन्फो, पायथनचे टाइमझोनचे मॉड्यूल: आठ महिने वापरल्यावर

मोपा विमानतळावर पाहुण्यांना आणायला जाणाऱ्या टॅक्सींचे बुकिंग आमच्या म्हापशातल्या ऑफिसात मी लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅमवर चालते. गेल्या पावसात एका ड्रायव्हरचा फोन आला, "बाब, रोज वीस-बावीस मिनिटं आधी पोचतो. पार्किंगचे पैसे कोण देणार?" बघतो तर बुकिंग ९:०० चे आणि त्याच्या मोबाइलवर ८:३७. मी पायटीझेडचा (टाइमझोनसाठीची जुनी पायथन लायब्ररी) झोन थेट डेटटाइममध्ये, म्हणजे पायथनच्या तारीख-वेळेत, घातला होता. तसा घातला की 'एशिया/कोलकाता'चा यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक ५:३० तासांऐवजी ५:५३ धरला जातो. ती कोलकात्याची प्रमाणवेळेआधीची स्थानिक वेळ. आमचा माणूस रोज २३ मिनिटे उन्हात उभा होता, तो तिच्यापायी.

त्याच आठवड्यात झोनइन्फो घेतले. पायथन ३.९ पासून ते सोबतच येते. झोन थेट द्या, ५:३० बरोबर मिळतात. फक्त विंडोजवर टीझेडडेटा हे झोनच्या माहितीचे पॅकेज वेगळे टाकावे लागते, नाहीतर झोनच सापडत नाही.

खरी कसोटी तबल्याच्या ऑनलाइन क्लासने घेतली. त्याचे वेळापत्रकही माझ्याचकडे. गुरुजी फोंड्याला, मुले इंग्लंडात स्विंडनला; दर रविवारी तिथले सकाळचे १०. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे २:३०, हिवाळ्यात ३:३०. आधी मी यूटीसी वेळच साठवायचो. आता 'सकाळी १०' आणि 'युरोप/लंडन' एवढेच साठवतो, हिशेब आयत्या वेळी होतो. २६ ऑक्टोबर २०२५ ला तिथली घड्याळे तासभर मागे गेली, तरी गुरुजी आणि मुले एकाच वेळी जोडली गेली. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

एक गोष्ट मात्र खटकते. लंडनची २५ ऑक्टोबरची रात्री ८ ची वेळ घेऊन १२ तास मिळवा: उत्तर सकाळी ८ येते, प्रत्यक्षात मध्ये १३ तास गेलेले असतात. खरे तास हवे असतील तर आधी यूटीसीत नेऊन बेरीज करा, मग परत आणा. तसेच २९ मार्च २०२६ ला लंडनमध्ये घड्याळे तासभर पुढे गेली, म्हणून पहाटे १:३० कधी वाजलेच नाहीत. झोनइन्फो ती वेळही मुकाट्याने स्वीकारते. निदान एरर तरी द्यायला हवी होती. ती तपासणी मी स्वतः लिहिली आहे, तुम्हीही लिहा.

बुकिंगमधून पायटीझेड पूर्ण काढले आहे. ९:०० चे बुकिंग आता ड्रायव्हरच्या मोबाइलवर ९:०० च दिसते.