डबा टीव्हीला कोणता बॉक्स लावावा?

टीव्ही बिघडलेला नाही. पिक्चर ट्यूब ठणठणीत आहे, आवाज येतो, फक्त कौलांवरच्या अँटेनाला पकडायला काही उरलेलं नाही. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर 31 मार्च 2022 पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने ठरवलं, मोक्याच्या ठिकाणचे 50च्या आसपास तेवढे वगळले. गावच्या घरात, दुकानाच्या गल्ल्याजवळ, आजीच्या खोलीत असे धडधाकट टीव्ही अजून पुष्कळ आहेत. ते भंगारात देऊ नका. बॉक्स घ्यायचा तर तीन रस्ते आहेत: डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत छत्री), केबल आणि खाजगी डीटीएच (कंपन्यांची पैसे भरून घ्यायची छत्री). माझं मत आधीच सांगतो. अशा टीव्हीसाठी फ्री डिशचा एमपेग-4, म्हणजे चित्रं दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा, बॉक्स बहुतेक घरांना पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांचं पुढे बघू.

त्याआधी टीव्ही भिंतीपासून ओढा आणि त्याची पाठ बघा. पिवळं, पांढरं, लाल अशी तीन सॉकेट असली तर काम सोपं. पिवळं आणि पांढरं एवढंच असेल तर टीव्ही मोनो, म्हणजे एकाच वाटेने आवाज देणारा, आहे, लाल पिन मोकळी सोडायची. अँटेनाचं एकच सॉकेट असेल तर मात्र दुकानात ‘आरएफ आऊट’ (अँटेनाच्या सॉकेटात चित्र देणारं तोंड) असलेला बॉक्स मागा, नाहीतर तेच काम करणारा मॉड्युलेटर वेगळा घ्यावा लागेल. काही नव्या बॉक्सना फक्त एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हींचं चपटं सॉकेट, असतं. त्यासाठी एचडीएमआयमधून एव्हीत, म्हणजे या रंगीत सॉकेटांत, नेणारी डबी मिळते, पण एव्हीतून एचडीएमआयत नेणारी डबीही दिसायला जवळपास तशीच असते आणि ती इथे काहीच कामाची नाही. पाकिटावरची अक्षरं वाचूनच पैसे द्या.

ऑनलाइन ‘डिजिटल कन्व्हर्टर बॉक्स’ शोधणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. अमेरिकेत 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं, तेव्हा तिथल्या सरकारने घरटी 40 डॉलरची दोन कुपनं दिली होती आणि लोकांनी जुन्या अँटेनालाच स्वस्त बॉक्स जोडले. ती सोय तिथली. ‘एटीएससी’ लिहिलेला तो बॉक्स आपल्याकडे काहीही पकडणार नाही. ‘डीव्हीबी-टी2’ हे अँटेनावर डिजिटल चित्र पाठवायचं आपल्या दूरदर्शनचं तंत्र खरं, पण 2016 मध्ये ते सुरू झालं ते 16 शहरांत, त्यात आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद. मिळणार तीही दूरदर्शनचीच मोजकी चॅनेल. त्यासाठी वेगळा बॉक्स घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू झाली. दरमहा एक पैसा नाही. छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण 2000 रुपये धरा. छत्री जीसॅट-15 या उपग्रहाकडे, 93.5 अंश पूर्वेला लावायची असते. मुंबई-कोकणातून बघितलं तर ती आग्नेयेकडे, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या अर्ध्याहून थोड्या जास्त उंचीवर बघते. त्या बाजूला फणस किंवा शेजाऱ्याचा दुसरा मजला आडवा येत असेल तर जागा आधी ठरवा, बॉक्स नंतर आणा. घरावर बंद पडलेल्या डीटीएचची छत्री असेल तर तीच फिरवून चालू शकते, फार तर एलएनबी बदलावा लागेल.

खरी निवड इथे बॉक्सच्या आत आहे. बाजारात एमपेग-2 चे जुने बॉक्स अजून मिळतात आणि काही शे रुपयांनी स्वस्त असतात. आत्याकडे आम्ही तोच आणला. शेजारी दिसणारी कितीतरी चॅनेल तिच्याकडे येईनात. दुकानदाराने छत्री दोनदा हलवली, दोष छत्रीचा नव्हताच. एमपेग-4 मधली चॅनेल जुना बॉक्स उलगडूच शकत नाही, एमपेग-4 चा बॉक्स मात्र दोन्ही दाखवतो. शेवटी दुसरा बॉक्स आणला आणि पहिल्याचे पैसे गेले. खोक्यावर एमपेग-4 आणि बीआयएसची (सरकारी मानक संस्थेची) खूण, दोन्ही असल्याशिवाय घेऊ नका.

फ्री डिशची उणीवही लपवत नाही. सह्याद्री वाहिनी मिळते, पण खाजगी चॅनेलच्या जागा लिलावाने जातात, म्हणून आज दिसणारं चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या मराठी वाहिन्यांची रात्रीची मालिका चुकली की ज्या घरात जेवण गोड लागत नाही, त्या घराला हा बॉक्स पुरणार नाही.

त्यांनी केबल घ्यावी. मुंबईत ऑक्टोबर 2012 अखेर आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापुरात मार्च 2013 अखेर केबलला बॉक्स सक्तीचा झाला, पुढे गावोगावी. बॉक्स स्वस्तात मिळतो, पण खर्च दरमहा चालू राहतो. 2020 च्या नियमात 200 चॅनेलपर्यंतचं मूळ भाडं जास्तीत जास्त 130 रुपये, करासह 153 च्या वर होतं. ती कमाल मर्यादा ट्रायने (दूरसंचार नियामकाने) 2024 मध्ये उठवली. जुन्या दरानेही वर्षाला 1840 रुपये होतात, म्हणजे फ्री डिशचा जवळपास सगळा संच, आणि पैसे देऊन घेतलेली चॅनेल वेगळीच. शिवाय तो बॉक्स त्याच केबलवाल्याकडे चालतो. लोडशेडिंगमध्ये तुमचा इन्व्हर्टर चालू असला तरी रस्त्यावरचा ॲम्प्लिफायर बंद पडला की पडदा निळा.

डीटीएच मला जुन्या टीव्हीसाठी सगळ्यात कमी पटतं. केबल न पोहोचलेल्या वाडीवर मालिका हवीच असेल तर दुसरा पर्याय नाही, हे मान्य. पण कोकणातल्या आषाढसरीत डीटीएच आणि फ्री डिश दोन्हींचा सिग्नल सारखाच जातो, मग वर्षातून दोन महिने उघडणाऱ्या घरासाठी रिचार्ज सांभाळायचा कशाला?

बॉक्स लावल्यावर चित्र काळंपांढरं आलं किंवा वरखाली फिरायला लागलं तर घाबरू नका. बॉक्सच्या मेन्यूत जाऊन चित्राची पद्धत एनटीएससी (अमेरिकेची) असेल ती बदलून पाल (आपल्याकडची) करा. माणसं लांबट दिसत असतील तर पडद्याचं माप 16:9 (रुंद) चं 4:3 (जुन्या टीव्हीचं) करा.