फर्मी ते साखळी: कागदावर, कन्व्हर्टरवर की एक्सेलमध्ये?

अणुगर्भ मोजायचा फर्मी या लांबीच्या अतिसूक्ष्म एककात आणि पणजोबांचं शेत मोजलं गेलं जमीनमोजणीच्या साखळीने. घणसोली, बाळकुमसारख्या जुन्या गावांतल्या मुलांच्या घरी गुंठे-आण्यांचे कागद अजून जपून ठेवलेले असतात. ही दोन टोकं एका तक्त्यात आणणारा शाळेचा प्रकल्प म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. रूपांतर कसं करायचं, हे मात्र आधी ठरवायला हवं.

त्याहूनही आधी ठरवायची ती साखळी. एडमंड गंटरची १६२० सालची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. आपल्याकडच्या महसुली मोजणीतली साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. फोनवरच्या बहुतेक कन्व्हर्टरांत साखळी म्हणजे गंटरचीच. गुंठ्याच्या हिशेबाला ती वापरली की लांबी दुप्पट येते आणि क्षेत्रफळ चौपट. काही ठिकाणी अमेरिकी सर्व्हे फुटाची साखळीही असते. नेहमीच्या फुटाहून तिचा फरक दहा लाखांत दोन भाग, शेताच्या बांधावर तो कुणाला जाणवणारही नाही. पण ६६ फुटांत तो सुमारे ४००० कोटी फर्मी भरतो. अमेरिकेने तो फूट २०२२ अखेर मोडीत काढला आहे, तुम्हीही सोडून द्या.

विद्यार्थ्यांसाठी माझं मत ठाम आहे: कागद आणि घातांक. मीटरला मध्ये ठेवायचं. १९५९ च्या करारापासून फूट नेमका ०.३०४८ मीटर आहे, म्हणून ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. फर्मी म्हणजे १०^-१५ मीटर. तेव्हा आपली साखळी झाली १.००५८४ × १०^१६ फर्मी. या आकड्याचं मला दरवेळी नवल वाटतं, कारण तो १०^१६ च्या इतका जवळ आहे की अंदाजासाठी गुणाकारही लागत नाही. आण्याला ६.२८६५ × १०^१४ फर्मी. बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची रेल्वे २१ मैलांची होती. मैलाला गंटरच्या ८० साखळ्या, म्हणजे १६८० साखळ्या, साधारण ३.३८ × १०^१९ फर्मी. हे गणित नववीचं मूल फळ्यावर करतं आणि घातांक कशासाठी असतात ते त्याला तिथेच कळतं.

कन्व्हर्टर झटपट आहे, पण उलट दिशेने तो अनेकदा फसवतो. एक फर्मी म्हणजे ९.९४ × १०^-१७ साखळी. आठ दशांश स्थळं दाखवणाऱ्या ॲपमध्ये उत्तर शून्य दिसतं. घातांकी रूप दाखवणारा कन्व्हर्टर मिळाला तर पडताळणीपुरता वापरावा.

एक्सेल तक्त्याच्या पंधरा-वीस ओळींसाठी उत्तम. त्याची मर्यादा मात्र ठाऊक हवी: ते १५ सार्थ अंकच राखतं. नेहमीच्या संगणकीय दशांश संख्याही २^५३ पर्यंतचेच, म्हणजे साधारण ९.००७ × १०^१५ पर्यंतचेच पूर्णांक एकेक करून ओळखतात. आपली साखळी फर्मीत मांडली की ती या हद्दीपलीकडे जाते, आणि तिच्यात एक फर्मी मिळवला तरी बेरीज होती तेवढीच राहते. असा एकेक फर्मी मोजायचाच असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले पूर्णांक घ्या, त्यांना अशी हद्द नाही.

पण इतक्या अंकांची गरज पडते का? प्रोटॉनची त्रिज्या जवळपास ०.८४ फर्मी. २०१० मध्ये म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण बराच जड कण) वापरून केलेल्या मोजणीत ती आधीच्या ०.८८ पेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी निघाली आणि त्या तफावतीवर पुढची कित्येक वर्षं वाद चालला. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात ज्या प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात, त्याच कणाची ही गोष्ट. तक्त्यात त्याची त्रिज्या ८.३५ × १०^-१७ साखळी एवढीच लिहावी. पुढे दहा अंक जोडले तर ते मोजलेले नसतात, यंत्राने भरलेले असतात. क्षेत्रफळाच्या रकान्यात तर जास्तच जपावं: लांबीत ३३ फूट आणि १० मीटर यांत ०.६ टक्क्यांचा फरक आहे, तोच गुंठा आणि आर (१०० चौरस मीटर) यांत १.२ टक्के होतो. सातबारा आता हेक्टर-आरमध्ये असतो, तेव्हा मुलं घरचा कागद आणणार असतील तर गुंठा १०१.१७ चौरस मीटर धरा, शंभर नव्हे.