स्टिकर आठव्या जनरेशनचा, मशीन सातव्या जनरेशनचं

नाशिकमध्ये सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला निघाला असाल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचा. मला ज्याने फसवलं त्याने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. उलट एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने उघडून दाखवली. दाखवलेली प्रत्येक गोष्ट खोटी होती, एवढंच.

मी द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. जानेवारी ते एप्रिल या हंगामात दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव या पट्ट्यात बागा फिरायच्या, प्लॉटच्या नोंदी आणि फवारणीच्या वह्या तपासायच्या, फोटो चढवायचे. अधूनमधून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई, आणि गाडीत बसूनही काम चालूच. बांधावर प्लग नसतो, सावली असली तर असते. त्यामुळे मला हवं होतं ते इतकंच: बॅटरी निदान चार तास टिकावी, उन्हात स्क्रीन दिसावा, खांद्याला ओझं होऊ नये आणि पंचवीस हजारांच्या आत बसावं. या पैशांत नवं मशीन घेण्यापेक्षा मोठ्या कंपनीतून निघालेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा, असं माझं मत होतं. ते आजही तसंच आहे. या मशीनच्या बिजागऱ्या दणकट असतात, कीबोर्ड चांगला असतो आणि सुटे भाग सहज मिळतात. खोट या मालात नाही, तो विकणाऱ्या काही जणांत आहे.

दुकान शहराच्या मध्यवस्तीतलं. नाव घेत नाही, कारण प्रकार एकाच दुकानाचा नाही. एम.जी. रोड आणि आसपास सरळ धंदा करणारेही भरपूर आहेत. काउंटरवरच्या मुलाने डेल लॅटिट्यूड ७४९० काढून ठेवला. पाठ अगदी नवीकोरी दिसत होती (नंतर कळलं की वरून मॅट फिल्म चिकटवलेली होती). "सर, एट्थ जनरेशन, आय-५, सोळा जीबी. हे बघा स्टिकर." जनरेशन म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरची पिढी; आकडा मोठा तितका प्रोसेसर नवा. मग सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट'चं पान उघडलं. तिथे प्रोसेसरचं नाव आय-५ ८३५०यू, म्हणजे आठवीच जनरेशन. मग बॅटरी रिपोर्ट उघडला. मूळ क्षमता ६०,००० मिलीवॉट-तास, सध्याची ५८,००० च्या वर. "सेल नवीन आहेत सर." शेवटचा पुरावा त्याने ठेवणीतला काढला: "विंडोज ११ चालतंय ना? सातव्या जनरेशनवर चालतच नाही, कोणालाही विचारा."

किंमत तेवीस हजार पाचशे. पैसे यूपीआयने दिले. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. पावतीवर छापलेलं होतं 'एस्टिमेट', आणि त्याखाली पेनाने 'लॅपटॉप १ नग, पंधरा दिवस चेकिंग वॉरंटी'. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "अठरा टक्के वाढतील सर, उगाच कशाला?"

पहिल्यांदा ते दगा देऊन गेलं मोहाडीच्या एका बागेत. शेतकऱ्याच्या वहीतून फवारणीच्या तारखा भरत होतो. बॅटरी ३८ टक्के दाखवत होती आणि स्क्रीन धपकन काळा. चार्जर लावून चालू केलं तर पुन्हा ३८. सुरुवातीला वाटलं उन्हाने तापलं असेल. दुसऱ्या दिवशी घरात, पंख्याखाली, तेच. चार्जर लावलेला असताना तर मशीन आणखी संथ. एक्सेलची मोठी फाइल उघडायची म्हणजे चहा टाकून यावा.

पॉलिटेक्निकला असलेला माझा भाचा आला होता. त्याने टास्क मॅनेजर उघडला, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर गेला आणि हसायलाच लागला. "मामा, नाव ८३५०यू आहे, पण खाली बघा. कोर दोन. लॉजिकल प्रोसेसर चार. ८३५०यू ला कोर चार असतात आणि लॉजिकल आठ."

मग त्याने मशीन बंद करून परत चालू केलं आणि डेलचा लोगो येताच एफ२ दाबत राहिला. बायोस उघडलं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: आय-५ ७३००यू. म्हणजे सातवी जनरेशन, दोन कोर. मॉडेल लॅटिट्यूड ७४८०. डेलच्या प्रत्येक मशीनला सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग, म्हणजे ओळख क्रमांक असतो. बायोसमधला टॅग आणि बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा टॅग वेगवेगळे निघाले. ७४८० आणि ७४९० बाहेरून इतके सारखे दिसतात की शेजारी शेजारी ठेवले तरी नवख्याला ओळखू येणार नाहीत. स्टिकर बदलला की काम झालं.

'अबाउट'मध्ये खोटं नाव आलं कुठून? प्रोसेसरचं नाव विंडोज आपल्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे आतल्या नोंदवहीतल्या, एका नोंदीतून वाचून दाखवतं. ती नोंद दर वेळी मशीन चालू होताना नव्याने लिहिली जाते, म्हणून एकदा बदलून भागत नाही. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी विंडोजची सोय) एक छोटी स्क्रिप्ट बसवलेली होती. लॉगिन झालं की ती नाव बदलून टाकायची. कोरची संख्या मात्र त्या नोंदीतून येत नाही, म्हणून ती खरी राहिली. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर थेट प्रोसेसरला विचारतं, त्यानेही ७३००यू च सांगितलं.

विंडोज ११ चा पुरावाही असाच पोकळ. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची सातवी जनरेशन जवळजवळ नाहीच, एवढ्यापुरतं दुकानातला मुलगा खरं बोलला होता. पण इन्स्टॉल करताना होणारी ही तपासणी वगळता येते आणि ते करणारी साधनं सगळ्यांना माहीत आहेत. अशा मशीनवर विंडोज ११ चालतं, पण पुढचे मोठे अपडेट येतीलच याची हमी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जे मशीन ११ च्या यादीत बसत नाही, ते कंपन्या काढून टाकणार हे उघड आहे. सहाव्या-सातव्या जनरेशनचा माल त्यामुळे स्वस्त झाला आणि त्याच्यावर आठव्याचा मुलामा चढवला की हजारो रुपये सुटतात. हा माझा तर्क आहे, पण स्टिकर छापून घेण्याइतकी मेहनत कोणी उगाच करत नाही.

बॅटरीचं कोडं सर्वांत चिवट होतं, कारण रिपोर्ट विंडोजचाच होता. पण विंडोज सेल मोजत नाही. बॅटरीच्या आत एक चिप असते, ती सांगेल तो आकडा छापला जातो. जुने सेल ठेवून चिप रीसेट केली, किंवा हलके सेल घालून चिप मूळचीच ठेवली, की कागदावर बॅटरी ठणठणीत. द्राक्षाच्या पेटीत वरचा थर निवडक आणि खाली गळालेले मणी, तसा प्रकार. ३८ वरून थेट शून्य ही त्या चिपचं आणि सेलचं जमत नसल्याची खूण. म्हणून रिपोर्ट बघाच, पण त्यावर विसंबू नका. दुकानात चार्जर काढून ठेवा, ब्राइटनेस पूर्ण करा, व्हिडिओ लावा आणि तासभर बसा. दुकानदार चहा पाजेल किंवा तोंड वाकडं करेल. दोन्हींतून बरंच कळतं.

चार्जर लावल्यावर मशीन संथ का, याचं उत्तरही बायोसमध्येच होतं. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमधून एक ओळखीचा सिग्नल येतो. तो मिळाला नाही तर मशीन चार्जर अनोळखी धरतं आणि प्रोसेसरचा वेग खाली आणतं. खरं तर चालू होताना तशी सूचना यायला हवी होती. ती सूचनाच बायोसमधून बंद करून ठेवलेली होती! एवढं बारकाईने काम करणारा माणूस सरळ धंद्यातही कमावला असता.

दुकानात परत गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा गायब, मालक हजर. "दादा, आमच्याकडे माल मुंबईहून लॉटमध्ये येतो, आम्ही कुठे उघडून बघतो?" शेड्यूलरमधली स्क्रिप्ट दाखवली तर, "ते सॉफ्टवेअरवाल्यांचं." पावती पुढे केली तर, "यावर एट्थ जनरेशन कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं लिहिलेलं. पक्कं बिल का देत नाहीत, हे तेव्हा समजलं. अठरा टक्क्यांचा प्रश्नच नव्हता. शेवटी त्याने देऊ केलं काय, तर 'एक्स्चेंज', वर आणखी सहा हजार भरून.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्याने दुकानदार हलला नाही. हलला तो स्पीड पोस्टने पाठवलेल्या नोटिशीनंतर. नोटिशीला बायोसचे फोटो, दोन वेगवेगळ्या टॅगचे फोटो, यूपीआयचा व्यवहार आणि त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली जाहिरात जोडली होती. 'एट्थ जनरेशन' हे शब्द पावतीवर नव्हते, पण जाहिरातीत होते. तीन हजार 'घसारा' कापून बाकी पैसे परत आले. तीन हजारांसाठी भांडायला हंगामात सवड नव्हती, म्हणून तिथे सोडलं.

नंतर थिंकपॅड टी४८० घेतला. त्यात एक बॅटरी आत आणि एक मागे, मागची हाताने काढता येते. मशीन चालू असताना मागची बदलली तरी आतलीवर काम सुरू राहतं. बागेत फिरणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. तो मिळण्याआधी आणखी एका दुकानात स्वस्तातला एक लॅपटॉप जवळजवळ नक्की केला होता. मी म्हटलं, माझ्यासमोर पूर्ण रीसेट करा. "कशाला सर, सगळं टाकलेलं आहे." मी अडून बसलो. रीसेट झाल्यावर त्याला माझ्या मोबाइलचं नेट जोडलं, तर स्वागताच्या पानावर एका परक्या कंपनीचं नाव आणि त्या कंपनीच्या ईमेलचं लॉगिन. म्हणजे मशीन अजून त्या कंपनीच्या खात्याला बांधलेलं होतं. नेट न जोडता सेटअप केलं असतं तर हे दिसलंच नसतं, आणि पुढे कधी रीसेट करायची वेळ आली असती तेव्हा मशीन हातात असून माझं नसतं. बायोसला पासवर्ड असेल तरी तसंच समजून उठा.

माल घेऊन बसला असाल आणि संशय असेल, तर आधी काहीही दुरुस्त करून घेऊ नका. दुसऱ्याने मशीन उघडलं की दुकानदाराला 'तुम्हीच बदललं' म्हणायला जागा मिळते. बायोसचं पान, टॅग, स्टिकर, चार्जर यांचे फोटो आणि व्हिडिओ काढा, चॅट डिलीट करू नका. पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातला पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तिथे नोंदणीचं नाव दिसतं. नोटिशीलाही दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.