अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची जेनेरिक गोळी: आठ महिने घेऊन बघितली

कोलेस्टेरॉलसाठी मी आधी लिपिटॉर घ्यायचो, म्हणजे फायझरची मूळ गोळी, आणि आता आठ महिने झाले जेनेरिक, म्हणजे तेच औषध पण दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे. डॉक्टरांना विचारूनच बदलली. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी केली तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) होतं तिथंच, सो कामाला गोळी एक नंबर. जेनेरिकला मान्यता मिळवायची तर औषध रक्तात किती उतरतं, किती वेळात उतरतं हे मूळ गोळीशी जुळवून दाखवावं लागतं, त्यामुळे स्वस्त म्हणजे कमी पॉवरची हे डोक्यातनं काढून टाका.

किमतीबद्दल मात्र माझा मोठा गैरसमज होता. मला वाटायचं पेटंट संपलं की भाव धाडकन पडतो. तसं होत नाही हो! अमेरिकेत लिपिटॉरची मक्तेदारी नोव्हेंबर २०११ मध्ये संपली, पण तिथं पहिल्या जेनेरिकवाल्याला १८० दिवसांची सवलत असते, म्हणजे तेवढे दिवस दुसऱ्या जेनेरिकवाल्याला मान्यता नाही, ती रॅनबॅक्सी कंपनीला मिळाली, वर फायझरनं स्वतःचीच गोळी वॉटसन कंपनीला बिनब्रँडची विकायला दिली, म्हणजे सहा महिने दोघंच, मग भाव कशाला पडतोय? मे २०१२ नंतर बाकीचे घुसले तेव्हा खरी घसरण झाली. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये आकडे काढलेत, जेनेरिक बनवणारा एकच असेल तर ब्रँडपेक्षा सरासरी ३९ टक्के स्वस्त, चार झाले की ७९ टक्के, सहा किंवा जास्त असले तर ९५ च्या वर. म्हणून आता मी कुठल्याही औषधाचं जेनेरिक आहे का एवढंच विचारत नाही, किती कंपन्या बनवतात तेही विचारतो.

उलटी बाजू पण आहे, भाव फारच पडला की परवडत नाही म्हणून कंपन्या बनवणं सोडतात आणि मग औषधच मिळत नाही. आणि फिट्स किंवा थायरॉइडच्या गोळ्या असतील तर मनानं कंपनी बदलू नका प्लीज.

माझी तक्रार एकच, कंपनी बदलली की गोळीचं रूप बदलतं. कधी लंबगोल, कधी गोल. आईलाही हीच गोळी आहे, तिनं एका रात्री जुन्या स्ट्रिपमधली एक आणि नव्यातली एक अशा दोन्ही घेतल्या, वेगळी दिसते म्हणजे वेगळं औषध असेल असं वाटलं तिला. काही झालं नाही, पण मी जाम घाबरलो होतो. तेव्हापासून नवी स्ट्रिप आली की मागच्या बाजूला मार्करनं मोठ्या अक्षरात लिहितो, "कोलेस्टेरॉल, रात्री, एकच".