शेंड्याची कडी आणि लीडरची गाठ : दिवाळी ते मिरग, साडेसात महिन्यांचा अनुभव

माझ्या मासेमारीच्या सात फुटी स्पिनिंग रॉडची शेंड्याची कडी, म्हणजे टोकाला जिच्यातून दोरा बाहेर पडतो ती, गेल्या पावसाळ्यानंतर दोन महिन्यांत दोनदा गेली. पहिल्या वेळी चूक सरळ माझी होती. अंधार पडत आला होता, घाईत रील फिरवत राहिलो आणि स्विव्हल, म्हणजे दोऱ्यातला धातूचा फिरता जोड, येऊन कडीवर आदळला. आतली सिरॅमिकची रिंग निखळून पाण्यात गेली, नुसती धातूची चौकट राहिली. दुकानात दाखवला तर नवा रॉड घ्या असं सांगितलं. रॉडचा कणा शाबूत असताना तो टाकून देणं मला पटेना. शेंड्याच्या कड्यांचा एक छोटा डबा आणि गोंदाची कांडी मागवली आणि घरीच नवी कडी बसवली.

तीनच आठवड्यांत सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर, जिथं वारणा कृष्णेला मिळते तिथं, चांगला वजनदार रोहू लागला आणि ऐन वेळी ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा तुटला. तुटलेलं टोक बघितलं तर हातभर लांबीला दोऱ्याला केस फुटलेले. तोंडात गळ अडकून गेलेल्या माशाची मला फार रुखरुख लागते, त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी ओळखीच्या सराफाकडं जाऊन त्याच्या भिंगातून कडी पाहिली. आतल्या रिंगेला केसासारखी भेग होती.

या वेळी तर स्विव्हल एकदाही आदळला नव्हता. मग भेग कशानं पडली? उत्तर मिळालं ते घाटावर नेहमी बसणाऱ्या एका अण्णांकडून. ते हातानंच तंगूस (नायलॉनचा दोरा) टाकतात, रॉड कधी धरत नाहीत, पण कान फार तयार. मी दोन-चार वेळा गळ फेकल्यावर म्हणाले, "बाळा, तुझ्या काठीत कायतरी वाजतंय बघ. फेकताना एकदा आन् ओढताना एकदा." तोवर मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. मुख्य दोऱ्याच्या टोकाला गळाकडं जोडलेला वेगळा तुकडा म्हणजे लीडर; त्याच्या जोडाची गाठ कडीतून जाताना टक् करून वाजत होती. मी तेव्हा डबल युनी बांधायचो. शिकायला सोपी, धरायला मजबूत, पण दोन गाठी एकमेकींना भिडून बसतात आणि जाड गाठोडं होतं. रिंगेला भेग त्या ठोक्यांनीच पडली असं माझं मत आहे. म्हणून हा अनुभव कडी आणि गाठ या दोन्हींचा मिळून लिहितोय. नुसती कडी बदलली तर काम अर्धंच होतं.

मी कुपवाडला लेथवर काम करतो, त्यामुळं रिंगेचं साहित्य माझ्या ओळखीचं निघालं. साध्या कड्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, महागड्यांत सिलिकॉन कार्बाइड. आमच्या शॉपमध्ये पोलादाची हत्यारं ज्या पांढऱ्या चाकावर घासतो ते पहिलं, आणि कार्बाइडची टिप ज्या हिरव्या चाकावर घासतो ते दुसरं. दोन्ही भयंकर कठीण, त्यामुळं दोऱ्यानं सहजी झिजत नाहीत. पण कठीण वस्तू ठोक्याला दगा देते. ग्राइंडिंगचं चाक हातातून पडलं तर आम्ही ते वाजवून बघितल्याशिवाय मशीनवर चढवत नाही, तेच इथं लागू आहे. रॉड खाली पडला, गाडीच्या दारात टोक अडकलं, गळ कडीत अडकवून रॉड खांद्यावर टाकला, असं काही झालं असेल तर कडी तपासा. त्याला भिंगच पाहिजे असं नाही. कानातला कापूस लावलेली काडी रिंगेच्या आतून सावकाश फिरवा. भेग असेल तिथं कापसाचा धागा अडकतो. आता दर रविवारी निघण्यापूर्वी मी हे करतो.

कडी काढताना ज्योत तिच्या नळीवर (रॉडच्या टोकावर बसणाऱ्या भागावर) धरायची, रॉडच्या कार्बनवर नाही. कार्बन राळेनं बांधलेला असतो आणि राळ तापली की तिथला कणा कायमचा कच्चा पडतो. लायटर हलता ठेवून चार-पाच सेकंद, मग पक्कडीनं सरळ रेषेत ओढायचं. निघाली नाही तर परत तापवा, पण पिळू नका. माझी पहिली कडी तर उकळत्या पाण्यात टोक धरल्यावरच सुटली, कारण कंपनीनं गरम गोंद वापरला होता. पाण्यानं होत असेल तर ज्योत लावूच नये असं मी म्हणेन.

मापात मी फसलो होतो. डब्यावर ४.५ लिहिलेलं, मी ते मिलिमीटर समजलो. अमेरिकी पद्धतीत हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागांचा असतो, म्हणजे ४.५ ची नळी जेमतेम १.८ मिलिमीटरची. जपानी फुजीच्या कड्यांवर मात्र नळीचं माप थेट मिलिमीटरमध्ये असतं. व्हर्नियर असेल तर रॉडचं टोक मोजूनच मागवा. नळी किंचित सैल हवी, गोंदाला जागा लागते. फारच सैल असेल तर टोकाला शिवणकामाचा बारीक दोरा एकसारखा गुंडाळून भर घालता येते. उलट नळी घट्ट होते म्हणून कार्बन घासून बारीक करायचा मोह मात्र टाळावा. वरचं वार्निश निघालं तेवढं पुरे.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यातच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. दोन नळ्यांचा इपॉक्सी पक्का बसतो, पण पुढच्या वेळी कडी काढायला इतकी उष्णता द्यावी लागते की कार्बनच धोक्यात येतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू तर बाजूलाच ठेवा, कडी जरा वाकडी बसली तरी सरळ करायला वेळच मिळत नाही. सोनार दागिना लाखेत बसवून त्यावर काम करतो आणि काम झाल्यावर लाख तापवून दागिना मोकळा करतो. कडीलाही तसाच सुटू शकणारा गोंद पाहिजे. मी सुरुवातीला ग्लूगनची साधी कांडी वापरली. थंडीभर काही तक्रार नव्हती. चैत्रात मात्र रॉड दुपारभर उन्हात उभ्या गाडीत राहिला आणि संध्याकाळी बघतो तर कडी एका बाजूला कलली होती. सांगलीच्या उन्हाळ्यात बंद गाडीत तो गोंद मऊ पडतो. मग खास रॉडच्या टोकासाठी मिळणारी कांडी आणली. तिला वितळायला जास्त तापवावं लागतं. एप्रिल-मे दोन्ही महिने तोच रॉड त्याच गाडीत होता, कडी जागची हलली नाही. बसवताना टोकावर गोंद लावा, नळी तापवून सरकवा, आणि गोंद थिजायच्या आत रॉड बुडख्याकडून बंदुकीसारखा डोळ्याला लावून सगळ्या कड्या एका रेषेत आणा. बाहेर आलेला गोंद गार झाल्यावर नखानं निघतो.

आता गाठ. मुख्य दोरा माझ्याकडं पीई १.५ चा आहे (पीई हा ब्रेडेडच्या जाडीचा क्रमांक), जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. लीडर २० पौंडी फ्लुरोकार्बनचा, तो जवळजवळ दुप्पट जाड. एक मऊ आणि निसरडा, दुसरा ताठ. अशा दोघांना जोडणारी गाठ बारीकही पाहिजे आणि घसरायलाही नको. साध्या तंगुसाला तंगूस जोडायचा असेल तर ब्लड नॉट छान बसते, पण या जोडीत मला तिचा भरवसा वाटला नाही.

थंडीत मी अल्बर्टो बांधायला लागलो. लीडर दुमडून फासा करायचा, ब्रेडेड त्यातून आत घालून फाशाच्या दोन्ही पायांवर सात वेढे खाली, मग त्याच वेढ्यांवरून सात वेढे परत वर, आणि ज्या बाजूनं आत गेला त्याच बाजूनं बाहेर काढायचा. शेवटची अट चुकली तर गाठ घसरते. थुंकीनं ओली करून सावकाश आवळायची, कोरडी ओढली तर घर्षणानं दोरा तापून कमजोर होतो. वाऱ्यातही ही दोन मिनिटांत होते. कडीतला आवाज एकदम कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. नीट बघितल्यावर कारण कळलं. या गाठीत लीडरचं कापलेलं टोक गळाच्या दिशेला असतं, म्हणजे फेकताना तेच आधी कडीत शिरतं. टोक अगदी गाठीलगत कापल्यावर फरक पडला.

माघापासून घरी बांधायची तेव्हा एफजी नावाची गाठ. तिच्यात लीडरला गाठच नसते. ब्रेडेड लीडरभोवती आलटून पालटून वीसेक वेळा विणायचा, ताण आला की विणच लीडरला आवळून धरते. विणून झाल्यावर दोन्ही दोऱ्यांवर चार-पाच अर्ध्या गाठी, लीडर कापायचा, मग नुसत्या ब्रेडेडवर आणखी काही. नीट बसली की विणीचा रंग गडद होतो आणि नखानं सरकवून सरकत नाही. कडीतून जाते तेव्हा बोटालाही जाणवत नाही. इथं लीडरचं टोक रीलच्या बाजूला असतं, त्यामुळं फेक मोकळी जाते. काही जण ते टोक लायटरनं जाळून मणी करतात. मी नाही करत. ब्रेडेड पॉलिथिलीनचा असतो, १४५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि ज्योत एवढ्या जवळ आणण्याची माझी तयारी नाही.

एफजीचा दोष एकच, ताण सैल सोडून विणली तर सगळी सुटून येते. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या तीन सुटल्या. म्हणून शनिवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दिव्याखाली बांधतो आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगून बघतो. नदीवर तुटली तर अल्बर्टो.

नदीवर गाठ बांधण्याबद्दल कळकळीनं सांगतो. औदुंबर, भिलवडी, डिग्रजपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. गाठ बांधताना काही मिनिटं मान खाली असते. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून बांधू नका, चार पायऱ्या वर या. कापलेले तुकडेही खिशात घालून घरी आणा, तंगूस पाण्यात वर्षानुवर्षं तसाच राहतो.

लीडर किती लांब ठेवायचा यावर बरंच अवलंबून आहे. चिलापी माशासाठी मी दोन फुटांपेक्षा जास्त ठेवत नाही. गाठ शेंड्याच्या बाहेरच राहते, मग ती जरा जाड असली तरी चालते. आयर्विन पुलाखालच्या दगडी भागात मात्र दोरा घासतो, तिथं पाच-सहा फूट लीडर लागतो, गाठ प्रत्येक फेकीला कडीतून जाते आणि तिथं एफजीला पर्याय नाही. मरळसाठी पाणवनस्पतीत रबरी बेडूक टाकतो तेव्हा लीडरच काढून टाकतो, जाड ब्रेडेड थेट बेडकाला. गाठ नाही, तर गाठीचा प्रश्नही नाही.

दुसऱ्यांदा कडी बदलल्यापासून साडेसात महिन्यांत डब्यातली एकच कडी लागली, तीच अजून रॉडवर आहे. ब्रेडेडला केस फुटलेले नाहीत. डब्यातल्या बाकीच्या कड्यांपैकी दोनांच्या रिंगा नव्या असतानाच कापूस धरत होत्या, त्या मी बाजूला काढल्या. स्वस्त डबा घेतलात तर प्रत्येक कडी बसवण्याआधी तपासून घ्या.

मिरगाचा पाऊस झाला, नदीला गढूळ पाणी आलं. माशांच्या विणीच्या दिवसांत मी गळ टाकत नाही. काल रात्री रॉड धुऊन पुसला, कापसाची काडी रिंगेतून फिरवली, एकही धागा अडकला नाही. संगमावर अण्णा भेटले होते. गणपतीनंतर रॉड घेऊन येतो म्हणालो, तर म्हणाले, "ये की. आता वाजत न्हाई तुझी काठी."